वाळीतविरोधी चळवळ, महाराष्ट्र

जात, भावकी किंवा गावकी यांनी एखाद्या माणसाशी अथवा कुटुंबाशी सगळे व्यवहार तोडणे याला मराठीत ‘वाळीत टाकणे’ म्हणतात. या शिक्षेविरुद्ध आणि ती सुनावणाऱ्या पंचांच्या सत्तेविरुद्ध महाराष्ट्रात गेली शंभराहून अधिक वर्षे जे प्रयत्न होत आले, ते मिळून वाळीतविरोधी चळवळ होते. लग्न कोणाशी करावे, अंगात काय घालावे, मत कोणाला द्यावे आणि पंचांबद्दल काय बोलावे हे ज्याचे त्याने ठरवावे, एवढेच तिचे मागणे आहे. व्यक्तिस्वातंत्र्याची चर्चा आपल्याकडे बहुधा सरकारपुढे होते. इथे समोर सोयरे आणि शेजारी असतात, म्हणून ही लढाई अधिक अवघड आहे.

वाळीत पडलेल्या घराला लग्नाचे आमंत्रण येत नाही, मयताला खांदा मिळत नाही, शेतावर मजूर येत नाहीत, वाण्याकडे सामान मिळत नाही. कोकणात शिमग्याची पालखी दारोदार फिरते आणि नेमके तेवढे घर टाळून पुढे जाते. पण या साऱ्याच्या मुळाशी असते ती बोलण्यावरची बंदी. त्या घराशी जो बोलेल त्यालाही दंड, मग तो सख्खा भाऊ का असेना. पोलिसांत किंवा कोर्टात जाणे हा तर कित्येक जातपंचायतींत वेगळा गुन्हा मानला जाई. परत ‘जातगंगेत’ यायचे तर दंड भरायचा, सगळ्यांसमोर माफी मागायची, जातीला जेवण घालायचे. मार लागल्याची खूण तरी दाखवता येते. शेजाऱ्याने फिरवलेली मान पुरावा म्हणून कुठे दाखवणार? पंचांचे बळ याच अडचणीत आहे.

पेशवाईत अशा जातिवादांना ‘ग्रामण्य’ म्हणत. इंग्रजी अमलात पंचांच्या हातून फौजदारी अधिकार गेले, बहिष्कार मात्र राहिला. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य उभे राहिले आणि या दोघांनाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. पुढे उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी बसलेल्या माणसाची ही गत, तर बाकीच्यांचे काय होत असेल याचा अंदाज करता येतो. सुधारकी मते छापली म्हणून आगरकरांची त्यांच्या हयातीतच पुण्यात प्रेतयात्रा काढण्यात आली. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये विधवेशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने सभा भरवून बहिष्काराचा ठराव केला. त्याची झळ कर्व्यांपेक्षा गावात राहणाऱ्या त्यांच्या आईला आणि भावाला अधिक बसली. वाळीत टाकण्याची रीत हीच आहे: बंड एकाने करायचे आणि त्याची किंमत घरच्यांनी मोजायची.

दलितांवरच्या बहिष्काराचे रूप याहून वेगळे. ते जातीबाहेर टाकणे नव्हते. पाणवठ्यावरचा, रस्त्यावरचा हक्क मागितला की काम, धान्य आणि वाट अडवून सबंध वस्तीची कोंडी करणे होते. महाडच्या 1927 च्या सत्याग्रहानंतर हे ठळकपणे दिसले. दलित आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने 1928 मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. पोट ज्याच्या हाती त्याच्याविरुद्ध हक्क बजावता येत नाही, हे तिथे नोंदले गेले. 1930 च्या पहिल्या गोलमेज परिषदेत आंबेडकर आणि मद्रासचे दलित नेते रेट्टमलै श्रीनिवासन यांनी बहिष्कार घालणे, त्याला चिथावणी देणे आणि त्याची धमकी देणे हे तिन्ही गुन्हे ठरवावेत अशी मागणी केली. तिचा नमुना होता ब्रह्मदेशातला 1922 चा बहिष्कारविरोधी कायदा. ही मागणी पुढे महाराष्ट्राच्या विधिमंडळात पोचायला 86 वर्षे लागली. या विलंबाला कोणतेही कारण पुरेसे नाही.

आजच्या चळवळीला वेग आला तो 2013 मध्ये. नाशिकमध्ये आंतरजातीय विवाह केलेल्या एका गरोदर तरुणीचा तिच्या वडिलांनीच खून केला. जातपंचायतीच्या धाकाची गोष्ट त्यातून उघड झाली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘जातपंचायत मूठमाती अभियान’ हाती घेतले आणि ऑगस्टमध्ये नाशिकला पहिली परिषद भरवली. त्याच महिन्यात, 20 तारखेला, समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यात खून झाला. तरीही काम थांबले नाही; कृष्णा चांदगुडे आणि इतर कार्यकर्त्यांनी ते जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. अभियानाचे नावही नीट ऐकण्यासारखे आहे. मूठमाती म्हणजे मृताला द्यायची शेवटची मूठभर माती, आणि वाळीत पडलेल्या घराला नेमकी तीच नाकारली जाते.

अभियानाचा रोख जातींवर नव्हता, पंचांच्या न्यायनिवाड्यावर होता. कार्यकर्ते आधी तक्रारदाराला भेटत, मग पंचांशी बोलत, जमले नाही तर पोलिसांकडे जात. भटक्या समाजांत पंचायत ही एकेकाळी एकमेव आधारसंस्था होती. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोर्ट-पोलिसांचे भयच वाटे, म्हणून आपसातला निवाडा त्यांना जवळचा. हे ध्यानात घेऊन बोलल्यामुळेच वैदू समाजासारख्या काही पंचायतींनी आपण होऊन निवाड्याचे काम सोडले.

कंजारभाट समाजातल्या तरुणांनी 2017 च्या अखेरीस नववधूच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध व्हॉट्सॲपवर गट काढला. जातीत जिचा उच्चारही होत नसे अशा त्या प्रथेबद्दल आता जातीतलीच मुले नावानिशी बोलू लागली. जानेवारी 2018 मध्ये पिंपरीत एका लग्नात त्यांच्यातल्या काहींना मारहाण झाली. त्याच वर्षीच्या नवरात्रात, ही परीक्षा नाकारून लग्न केलेली एक तरुणी दांडिया खेळायला आली तर गाणीच बंद करण्यात आली. तिने तक्रार दिली आणि नव्या कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. बाहेरच्या दहा परिषदांपेक्षा आतून उठलेली अशी एक तक्रार मला मोलाची वाटते.

हा कायदा म्हणजे सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा अधिनियम. विधिमंडळाने तो एप्रिल 2016 मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै 2017 पासून लागू झाला. असा स्वतंत्र कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य मानले जाते. गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पीडिताला देता येते. व्यवहार तोडण्याबरोबरच विशिष्ट कपड्यांची वा भाषेची सक्तीही त्यात गुन्हा ठरते. अडते ते साक्षीदारांपाशी: ज्यांनी पाहिले तेच बहिष्कारात सामील असतात, आणि साक्ष दिली तर पुढची पाळी आपली, हे त्यांना ठाऊक असते.

याआधी मुंबई प्रांताने 1949 मध्ये जातिबहिष्कृती रोखणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक संप्रदायाच्या अधिकाराचा आधार घेत तो रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत मात्र वेगळे पडले. असगर अली इंजिनिअर आणि इतर बोहरा सुधारकांनी बहिष्कार सोसत हा विषय जिवंत ठेवला. 1986 मध्ये दाखल झालेल्या याचिकेवर फेब्रुवारी 2023 मध्ये घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.