सामाजिक उद्योजकतेवरचा शोधप्रबंध : प्रस्ताव का परत येतो आणि कागद कोणत्या क्रमाने लावावेत

सामाजिक उद्योजकता आणि व्यवस्थापन या विषयावर पदव्युत्तर शोधप्रबंध लिहिणाऱ्यांचे प्रस्ताव परत येतात ते बहुतेक वेळा तारखांपायी. मुलाखती डिसेंबरात घेतलेल्या, एथिक्स कमिटीची मंजुरी फेब्रुवारीची. संस्थेच्या पत्रावर मार्च, आणि प्रकरण तीनमध्ये लिहिलेलं असतं की सर्वेक्षण जानेवारीत पूर्ण झालं. असा प्रबंध कितीही मेहनतीचा असला तरी तपासणाऱ्याच्या हाती आयतं कारण मिळतं. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात शिकत असा की म्हापसा-मडगावच्या कॉलेजात, पुढचं सगळं वाचताना प्रत्येक कागदावर कोणती तारीख पडणार हे मनात ठेवा.

पात्रतेचा भाग लहान आहे. आधीच्या सत्रांचे विषय, हजेरी, गाईडची लेखी संमती आणि विभागाचा नोंदणी फॉर्म हे सूचनाफलकावर स्पष्ट लिहिलेलं असतं. मात्र सावंतवाडी, वेंगुर्ला, कारवार, बेळगावकडून गोव्यात आलेल्या मुलांनी मायग्रेशन सर्टिफिकेट जमा केलं आहे का ते आजच पाहावं. प्रवेशाच्या वेळी हमीपत्र देऊन काम भागतं, मग दीड वर्ष त्याची आठवण कोणालाच राहत नाही, आणि नेमक्या शेवटच्या सत्रात ते मागितलं जातं. आधीच्या विद्यापीठाकडून ते यायला वेळ लागतो आणि तो तुमच्या हातात नसतो.

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे एकाच घरात देसाई हे इंग्रजीत दोन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, नाईकांचंही तसंच. आधारवर एक, दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे तुमचे श्रेयांक साठवणारं खातं डिजिलॉकरमधून आधारच्या नावाने निघतं आणि विद्यापीठाची नोंद गुणपत्रिकेच्या नावाने असते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना याचा सर्वांत जास्त त्रास होतो. शक्य असेल तर आधार गुणपत्रिकेशी जुळवून घ्या. गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्याचा १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, पण तो रस्ता लांबचा. एका अक्षरासाठी प्रबंधाच्या सत्रात त्या वाटेला लागू नका.

आता विषयाचं शीर्षक. 'सत्तरीतील महिला स्वयंसाहाय्य गटांचा अभ्यास' असं शीर्षक दिलं की प्रस्ताव तपासणारी समिती विचारते, यात उद्योजकता कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. नुसतं समाजकार्य असेल तर तो अहवाल होतो. नुसती विक्री असेल तर ते मार्केटिंगचं प्रोजेक्ट. या विषयात दोन्ही एका जागी दाखवावं लागतं: पैसा कुठून येतो, आणि त्या पैशाने कोणता सामाजिक प्रश्न हलतो. व्याख्या शोधताना मुलं इंटरनेटवरची चार वाक्यं जोडतात. त्यापेक्षा शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीची कसोटी हाताशी ठेवा. सोशल स्टॉक एक्स्चेंजवर, म्हणजे सामाजिक संस्थांना निधी उभारता यावा म्हणून असलेल्या शेअर बाजाराच्या विभागात, नोंद हवी असेल तर मान्य सामाजिक कामांचा वाटा मागच्या तीन वर्षांच्या सरासरीत उत्पन्न, खर्च किंवा लाभार्थी यांपैकी एका मोजमापावर किमान ६७ टक्के असावा लागतो. तुमचा काणकोणचा खोला मिरचीचा गट त्या एक्स्चेंजवर कधी जाणार नाही, पण मोजण्यासाठी तुमच्या हाती काहीतरी ठोस येतं. 'आम्ही ही कसोटी लावली, आणि लहान गटाला ती इथे अपुरी पडते' हे वाक्यसुद्धा प्रबंधात वजनदार ठरतं.

शीर्षकात तालुका, काळ आणि एकच प्रश्न असावा. 'गोव्यातील सामाजिक उद्योजकता' हा विषय बारा तालुके आणि १९१ पंचायतींचा होतो. एका सत्रात तो कोणाच्याने पुरा होणार नाही.

कोणाकडे नसलेला कागद

सर्वांत जास्त मुलं इथे अडकतात. फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं: अभ्यासासाठी निवडलेल्या संस्थेचं परवानगीपत्र, लेटरहेडवर, सोबत संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत. संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालची असेल, कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी असेल किंवा २००१ च्या गोवा सहकारी संस्था कायद्याखालची असेल, तर प्रमाणपत्र कपाटात असतंच. सहकारी संस्थेत फक्त अध्यक्षांची सही घेऊन निघू नका. व्यवस्थापक समितीचा ठराव मागा, कारण पुढे समिती बदलली तर नवा अध्यक्ष 'मला माहीत नाही' म्हणू शकतो.

पण बचत गटाकडे नोंदणी प्रमाणपत्र नसतं. तो साधारण दहा ते वीस बायकांचा अनौपचारिक गट असतो आणि त्याला कोणत्याही कायद्याखाली नोंदणीची सक्ती नाही. शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक असलेल्या नाबार्डने १९९२ मध्ये गट बँकेशी जोडायला सुरुवात केली तेव्हापासून असे गट बिननोंदणीचेच बँकेत खाती उघडत आले आहेत. हे इतक्या वर्षांचं वास्तव असताना फॉर्ममध्ये तो रकाना कायम आहे, आणि तो रिकामा दिसला की खिडकीवरचा माणूस फाईल परत सरकवतो. मुलगी परत गावात जाते, गटाच्या अध्यक्षबाईंकडे 'सर्टिफिकेट' मागते. त्या बाईंना वाटतं आपल्याच गटात काही खोट आहे. हे फार वाईट घडतं. कृपा करून त्यांच्यापर्यंत हा ताण नेऊ नका.

त्याऐवजी हे करा. गटाच्या मासिक बैठकीत जा, विषय समजावून सांगा आणि इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहून घ्या: अमुक विद्यार्थ्याला अमुक कामासाठी गटाशी बोलायला आमची हरकत नाही. त्या पानाची झेरॉक्स, त्यावर अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या आणि गटाचा शिक्का. सोबत गटाच्या बचत खात्याच्या पासबुकाचं पहिलं पान, शिल्लक झाकून. गट राष्ट्रीय ग्रामीण उपजीविका अभियानात असेल तर त्याच्या वरच्या ग्रामसंघाचं (गावातल्या गटांच्या संघाचं) पत्र मिळतं का पाहा. गटविकास कार्यालयातही गटांच्या याद्या असतात, तिथून 'हा गट आमच्या यादीत आहे' एवढ्या एका ओळीचं पत्र मिळालं तर उत्तम. या सगळ्यावर गाईडची टीप जोडा की गट अनौपचारिक असल्याने नोंदणी प्रमाणपत्र लागू नाही. रकान्यात 'लागू नाही, सोबतची टीप पाहावी' असं लिहा. रिकामा रकाना परत येतो, भरलेल्या रकान्यावर निदान प्रश्न विचारला जातो.

कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या जमिनीवर किंवा खाडीकाठी बांध घालून केलेल्या खाजन शेतीवर विषय घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. कोमुनिदादीची व्यवस्था पोर्तुगीज काळातल्या संहितेवर चालते आणि सही कोणाची चालेल हे गावागणिक विचारूनच घ्यावं लागतं. विषय फार मोलाचा आहे. पण ज्यांच्याकडे जेमतेम एक सत्र आहे त्यांनी तो निवडताना दोनदा विचार करावा.

एथिक्स कमिटी आणि संमतीपत्र

माणसांशी बोलणार असाल तर एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात माणसांचे हक्क जपले जातात का हे पाहणाऱ्या समितीची, मंजुरी लागते की नाही हे विभागाकडून लेखी विचारा. लागत असेल तर ती पहिल्या मुलाखतीच्या आधीची हवी. झालेल्या कामाला मागाहून मंजुरी देण्याची सोय नसते, आणि ती नसणं योग्यच आहे. मुलं म्हणतात, 'आम्ही फक्त ओळखीसाठी गेलो होतो, बोलता बोलता रेकॉर्डिंग झालं.' ते रेकॉर्डिंग प्रबंधात वापरता येणार नाही. पुन्हा जावं लागेल, परवानगी घेऊन. समितीची बैठक रोज भरत नाही, त्यामुळे पुढची बैठक कधी आणि अर्ज त्याच्या किती दिवस आधी द्यायचा हे सत्र सुरू होताच विचारून ठेवा.

संमतीपत्राबद्दल कळकळीने सांगायचं आहे. इंग्रजीत छापलेलं दोन पानी पत्र पेडण्याच्या किंवा सांग्याच्या वाड्यावर जाऊन बाईच्या पुढे धरायचं आणि 'हांगा सय करात' म्हणायचं, याला संमती म्हणत नाहीत. प्रबंध इंग्रजीत असू दे, संमतीपत्र तिला वाचता येईल असं हवं. फोंडा, डिचोली, पेडणे भागात मराठी किंवा देवनागरी कोंकणी चालेल. सासष्टीत अनेक घरांत कोंकणी वाचली जाते ती रोमी (रोमन) लिपीत, तिथे देवनागरी पत्र इंग्रजीइतकंच परकं. तिन्ही मसुदे समितीला आधीच दाखवा, मागाहून बदललेला मसुदा मंजूर धरत नाहीत. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि गटाबाहेरच्या साक्षीदाराची सही घ्या. रेकॉर्डिंगसाठी आणि फोटोसाठी वेगळी चौकोनी खूण ठेवा. मधेच नको म्हणायचा हक्क तिला आहे, हे वाक्य पहिल्या पानावर असू दे.

नाव गुप्त ठेवू असं लिहिता, मग खरंच ठेवा. 'पेडणे तालुक्यातला हळदीचा मसाला करणारा गट, अध्यक्ष वय ५२' असं छापलं की गावातल्या प्रत्येकाला कळतं कोण ते. गोवा लहान आहे. अंतर्गत कर्जाच्या वहीचे फोटो काढू नका, कोणी किती उचललं आणि कोणाचे हप्ते थकले हे घराघरातलं गुपित असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल निर्णय घेतला जाणार नसेल आणि ठरलेली मानकं पाळली असतील तरच. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींशी बोलायचं असेल तर पालकांची संमती घ्या.

नमुना किती घ्यायचा यावर प्रस्ताव हमखास अडतो. सगळ्यांच्या प्रस्तावात ३८४ हा आकडा दिसतो. किती जणांच्या समूहातून किती जण निवडावेत हे सांगणाऱ्या, क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यात दहा लाख लोकसंख्येपुढे तो आहे म्हणून. त्याच तक्त्यात शंभर जणांच्या समूहाला ८० पुरतात. तुम्ही पाच गटांचा सखोल अभ्यास करणार असाल तर तक्ता लागतच नाही. तिथे हेच पाच का निवडले याचं कारण द्यावं लागतं.

वेळेचा हिशेब

प्रबंधाचं सत्र साधारण जानेवारी ते मे. काजूचा हंगामही तोच. सत्तरी, सांगे, धारबांदोड्यातल्या बायका मार्च-एप्रिलमध्ये सकाळपासून बागायतीत असतात. बोंडू (काजूची फळं) वेचणाऱ्या बाईला अर्ध्या तासाच्या प्रश्नावलीसाठी थांबवू नका, ती थांबेल आणि तिचा रोज बुडेल. मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत संपवायच्या असतील तर एथिक्स मंजुरी डिसेंबरच्या आत हातात हवी, म्हणजे गटाचा ठराव दिवाळीच्या सुमाराला. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत गावात कोणी बैठक घेत नाही, तेवढे दिवस सोडूनच मोजा.

सरकारी आकडे हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज चुकीच्या खात्यात पडून दुसरीकडे गेला तर आणखी पाच. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, त्याच्या निर्णयाला ३० ते ४५ दिवस. म्हणजे फेब्रुवारीत केलेल्या अर्जाचा भरवसा प्रबंधाला नाही. आधी खात्याचा वार्षिक अहवाल आणि विधानसभेतली प्रश्नोत्तरं पाहा, बरंचसं तिथे छापलेलं सापडतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अधिकारी पत्रावर सही करायला कचरतात, तेही हिशेबात धरा.

साहित्यचोरीची तपासणी शेवटी होते आणि तिथेच अनेकांचं वर्ष हातचं जातं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सुधारून परत द्यायचं, त्यासाठी मुदत जास्तीत जास्त सहा महिने. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही. साठच्या वर नोंदणीच रद्द. मुलांना अकरा टक्के किरकोळ वाटतात, पण अकरा म्हणजे पहिली पायरी ओलांडली. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजणीतून वगळायचं असतं. अहवाल काढताना ते वगळलं आहे का हे ग्रंथालयात उभं राहून विचारा. या विषयात साम्य वाढतं ते संस्थेच्या वार्षिक अहवालातून आणि संकेतस्थळावरच्या 'आमच्याविषयी' या पानातून उचललेल्या मजकुरामुळे. संस्थेने दिलेला असला तरी तो मजकूर तुमचा होत नाही. अवतरणचिन्हात घ्या किंवा स्वतःच्या शब्दांत लिहा.

सोबत दोन कागद लागतात, तुमचं हमीपत्र आणि गाईडचं प्रमाणपत्र. हमीपत्रात मान्यताप्राप्त साधनाने तपासणी झाल्याचा उल्लेख असावा लागतो, म्हणून हमीपत्राची तारीख अहवालाच्या नंतरची किंवा त्याच दिवसाची ठेवा. आधीच सही करून ठेवलेलं हमीपत्र परत येतं.

सूचनेतल्या अंतिम तारखेचा अर्थही नीट वाचा. ती बांधलेली प्रत, सगळ्या सह्यांसह, कार्यालयात पोचण्याची तारीख असते. गाईडला मसुदा देण्याची तारीख तुमची तुम्हीच ठरवायची, आणि ती किमान तीन आठवडे आधीची हवी. गाईडना वाचायला वेळ लागतो, विभागप्रमुख रजेवर असू शकतात, आणि शेवटच्या आठवड्यात बाइंडिंगवाल्याकडे रांग लागते.

तरीही मुदत चुकणार असं दिसलं तर ती उलटण्याआधी वाढीव मुदतीचा अर्ज द्या, गाईडच्या शिफारशीसह, कारणाचा कागद जोडून. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी 'बघतो' म्हटल्यावर घरी जाऊ नका.