गाडी बंद पडली की पहिला हात कार्बोरेटरला नको

काही वर्षांपूर्वी माझी गाडी मोठी विचित्र वागायला लागली. सकाळी एका किकमध्ये सुरू व्हायची, तीन-चार किलोमीटर झकास पळायची, मग पिकअप जायचा, दोन-तीन झटके द्यायची आणि बंद. दहा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नव्हतं. ठिणगी पाडणारा प्लग बदलला, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर दोनदा उघडून धुतला, तरी फरक नाही. एक गोष्ट मात्र खटकत होती. टाकी भरलेली असली की ती लवकर बंद पडायची आणि अर्धी रिकामी असली की उशिरा. दोष निघाला टाकीच्या झाकणात.

कार्बोरेटरच्या बहुतेक लहान गाड्यांत पेट्रोलला पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. जितकं पेट्रोल खाली जाईल तितकी हवा वरून आत यावी लागते आणि त्यासाठी झाकणात एक बारीक वाट ठेवलेली असते. ती धुळीने बुजली की टाकीतल्या हवेचा दाब कमी होत जातो. आता थोडं गणित करू. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची उंची साधारण २५ सेंटिमीटर धरा. तेवढ्या पेट्रोलच्या थराचा दाब वातावरणाच्या दाबाच्या २ टक्क्यांहूनही कमी भरतो. म्हणजे टाकीतला दाब जेमतेम २ टक्के घटला तरी पेट्रोल उतरायचं थांबतं. टाकीत ५ लिटर हवा असेल तर त्यासाठी १०० मिलिलिटर पेट्रोल जावं लागतं. लिटरला ५० किलोमीटर देणाऱ्या गाडीत हे झाले ५ किलोमीटर. टाकी काठोकाठ भरून वर फक्त १ लिटर हवा उरली असेल तर १ किलोमीटरच. कार्बोरेटरच्या वाटीत साठलेलं पेट्रोल आणखी थोडं अंतर नेतं आणि पेट्रोलच्या वाफेमुळे हे आकडे पुढेमागे होतात, पण लक्षण हेच राहतं. गाडी अशी बंद पडली की जागेवरच झाकण उघडा. 'सुस्स' आवाज होऊन हवा आत शिरली आणि गाडी सुरू झाली, तर रोग सापडला. झाकणातली वाट साबणाच्या पाण्याने धुऊन हवेच्या दाबाने मोकळी केली की काम झालं.

तेव्हापासून मी पाना उचलण्याआधी गाडीची तक्रार नीट ऐकून घेतो. कधी बंद पडते? थंड असताना की तापल्यावर? रेस दिल्यावर की सोडल्यावर? पेट्रोल इंजिनाला पेट्रोल आणि हवेचं योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि पुरेसं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये ते मिश्रण नीट दाबलं जाणं, एवढंच लागतं. जर्मन संशोधक निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं तेव्हापासून यात बदल झालेला नाही. गाडी अचानक, बटण दाबल्यासारखी बंद पडली तर बहुधा ठिणगी गेलेली असते. आचके देत, मरगळत बंद पडली तर बहुधा पेट्रोल कमी पडलेलं असतं. अपवाद आहेत, पण शोधाचं क्षेत्र एवढ्यानेच निम्मं होतं.

मग प्लग काढून बघा. तो इंजिनाच्या पोटातून आलेला अहवालच असतो. टोकावर फिकट तपकिरी रंग असेल तर सगळं ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, म्हणून एअर फिल्टर आधी उघडा. चिकट तेलकट काळेपणा म्हणजे ऑइल जळतंय, आणि तो घरचा विषय नाही. पांढरंफटक टोक म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, इंजिन जास्त तापतंय. पेट्रोलने ओलाचिंब प्लग निघाला तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाही.

ठिणगी तपासताना प्लग त्याच्या वायरीच्या टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लग हवेत लटकता ठेवला तर वीज परतीची वाट शोधत कॉइलमध्ये (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागात) किंवा इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक भागात फुटू शकते. प्लगचं भोक आणि ठिणगी यांत अंतर हवं, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. पेट्रोल सांडलेलं असेल तर ही चाचणी करूच नका.

इथे एक फसगत होते. बाहेर ठिणगी छान दिसते, तरी गाडी सुरू होत नाही. प्लगमधली फट ०.७ मिलिमीटर असेल तर मोकळ्या हवेत ती ओलांडायला सुमारे ३ हजार व्होल्ट पुरतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेनने १८८९ मध्ये दाखवून दिलं की ठिणगीला लागणारा व्होल्टेज वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतो. सिलिंडरमध्ये हवा नऊ-दहा पट दाबलेली असते, तिथे तीच फट ओलांडायला कित्येक पट जास्त व्होल्टेज लागतो. थकलेली कॉइल बाहेर पास होते आणि आत नापास. म्हणून निळी, कडकडीत, आवाज करणारी ठिणगी पाहिजे. पिवळट, लुकलुकणारीवर विश्वास ठेवू नका.

चोक ओढल्यावर सुरू होते, चोक ढकलला की बंद, रेस धरून ठेवली की चालते, सोडली की मरते. ही तक्रार महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीची. पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात आणि मागे चिकट थर राहतो. तो सगळ्यात आधी पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोलची सगळ्यात बारीक नळी, बुजवतो, कारण तिचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, पेट्रोल याच वाटेने येतं. इथे मात्र कार्बोरेटर उघडावाच लागतो. जेट क्लीनरने आणि हवेच्या दाबाने साफ करा, डोळ्यांवर चष्मा लावून. तार घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. जेट पितळेचा, मऊ असतो. ०.४० मिलिमीटरचं भोक ०.४४ झालं, तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं आणि गाडी पुढे कायम जास्त पेट्रोल पीत राहते.

सेल्फ मारल्यावर नुसती 'कट-कट' झाली की लोक बॅटरी बदलतात. आधी मल्टिमीटर लावा. चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी निवांत असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आता सेल्फ दाबून बॅटरीच्या खुंट्यांवर मोजा. आकडा साडेनऊच्याही खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे किंवा उतरली आहे. तिथे ११ च्या वर टिकला आणि तरी मोटर फिरत नसेल, तर व्होल्टेज वाटेत कुठेतरी हरवतोय. टर्मिनलवर साठलेला पांढरट थर ०.०५ ओहमचा अडथळा करत असेल आणि मोटर ५० अँपिअर ओढत असेल, तर तिथेच अडीच व्होल्ट जातात. दिव्याला एवढा प्रवाह लागत नाही म्हणून दिवा लागतो, आणि माणूस वायरीला निर्दोष ठरवतो. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह असं सोडवून टर्मिनल पॉलिश पेपरने चकचकीत करा. बसवताना उलटा क्रम. सोडवताना आधी पॉझिटिव्हला हात घातलात आणि पाना चुकून चेसिसला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) टेकला, तर थेट शॉर्ट होतो. इंजिन रेसवर असताना बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक आहे.

चेनबद्दल थोडक्यात. ती 'ताणली' असं आपण म्हणतो, पण धातू ताणला जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन झिजते. १२० सांध्यांत दर सांध्याला ०.१ मिलिमीटर झीज म्हणजे १२ मिलिमीटर लांबी वाढली. झीज सगळीकडे सारखी नसते, म्हणून चाक हाताने फिरवत ढिलाई चार-पाच जागी मोजा आणि जिथे चेन सर्वांत घट्ट असेल तिथली धरा. लहान गाड्यांत ती बहुधा २० ते ३० मिलिमीटर असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. हे सगळं इंजिन बंद ठेवूनच. चालू इंजिनावर चेन पुसताना क्षणात बोट तुटतं.

चेन ओढण्यासाठी मागचं चाक मागे सरकवलं की ड्रम ब्रेकचा रॉडही तेवढाच ताणला जातो आणि पेडलची मोकळीक कमी होते. तिथे लक्ष गेलं नाही तर ब्रेक आतून घासत राहतो, ड्रम तापतो, मायलेज पडतं, आणि शंका पुन्हा कार्बोरेटरवर येते. चाक आवळून झाल्यावर गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हाताने फिरवून सोडून द्या. ते घासल्याचा आवाज न करता दोन-तीन फेरे फिरलं पाहिजे.