डनवेगन कॅसल : निघण्याआधी एवढे वाचा

स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावरच्या मुक्कामात अर्धा दिवस डनवेगनसाठी राखला आहे. रायगड-सिंधुदुर्ग पाहिलेल्यांना ही वास्तू लहान वाटेल, हे आधीच सांगतो. तटबंदी बघायला इथे येऊ नका. मॅक्लाउड घराण्याकडे ही वास्तू सुमारे ८०० वर्षे आहे आणि त्यांनी जपलेल्या वस्तू आत मांडल्या आहेत, त्या खऱ्या पाहण्याजोग्या.

'परीचा ध्वज' म्हणजे काचेमागे ठेवलेले रेशमाचे जीर्ण कापड. संकटात तीनदाच उलगडायचे, त्यांतल्या दोन वेळा संपल्या, अशी आख्यायिका आहे. तज्ज्ञांच्या मते रेशीम मध्यपूर्वेकडचे असावे. मुलांना मात्र परीचीच गोष्ट सांगा. शेजारच्या वस्तूंत बैलाचे एक शिंग आहे. ते वाइनने भरून गादीच्या वारसाने एका दमात रिकामे करायचे, असा रिवाज.

समुद्राकडचा दरवाजा चुकवू नका. १७४८ पर्यंत आत यायची वाट तेवढीच होती.

आपल्याकडचा एक धागाही इथे आहे. घराण्याचे २३वे प्रमुख जनरल नॉर्मन मॅक्लाउड इंग्रजांच्या बाजूने म्हैसूरशी लढायला हिंदुस्थानात आले होते. एप्रिल १७८३ मध्ये मुंबईहून 'रेंजर' जहाजातून जाताना विजयदुर्गाजवळ आनंदराव धुळपांच्या आरमाराने त्यांना गाठले. इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह होऊन गेला होता, तरी लढाई जुंपली. जहाज मराठ्यांच्या हाती लागले, मॅक्लाउड जखमी झाले. आत घराण्यातल्या मंडळींच्या तसबिरी आहेत. त्या पाहण्याआधी मुलांना हा प्रसंग माहीत असू द्या.

कॅसलखालच्या धक्क्यावरून सील बघायला छोट्या होड्या सुटतात. फेरी साधारण २५ मिनिटांची. वारा असला की ती रद्द होते, म्हणून पोचल्यावर आधी होडीची चौकशी करा, कॅसल नंतर. आजी-आजोबांना जिने जड वाटत असतील तर त्यांनी बागेत रमावे. पाऊस नसेल तर बाग आतल्या दालनांपेक्षा सरस आहे, असे आम्हाला वाटते.

स्कायवरच्या पोर्ट्री गावाहून येणारा रस्ता काही ठिकाणी अरुंद आहे. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधीच घ्यावी. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही, टोपीचे जाकीट आणा. उन्हाळ्यात बारीक चिलटे चावतात, अंगाला लावायचे मलम जवळ असू द्या. शाकाहारी मंडळींनी दशम्या किंवा चिवडा बरोबर घ्यावा. कॅसल हिवाळ्यात बंद असतो, त्यामुळे ही सहल आम्ही एप्रिल ते सप्टेंबर एवढ्याच काळात नेतो.