प्रारण रसायनशास्त्रातील मूल्यांकित विदा : संकलन आणि देवाणघेवाण

गॅमा किरण किंवा वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थात शिरल्यावर जे रासायनिक बदल घडतात, त्यांचा अभ्यास म्हणजे प्रारण रसायनशास्त्र. त्यातील आकडे मुख्यतः दोन जातींचे असतात. एक जी-मूल्य, म्हणजे शोषलेल्या दर १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेमागे किती कण तयार झाले. दुसरा वेगस्थिरांक, म्हणजे ते कण इतर रेणूंशी किती झपाट्याने अभिक्रिया करतात. ठिकठिकाणी छापलेले हे आकडे जमवणे, ते कोणत्या परिस्थितीत मोजले ते तपासणे, सगळे एका पायावर आणणे आणि शिफारशीचे मूल्य अनिश्चिततेसह जाहीर करणे, या सगळ्याला मूल्यांकन म्हणतात. नुसती यादी कोणीही करू शकतो. तिच्यात मूल्यांकन नसते.

नागपुरात हे आकडे मोजणाऱ्यांपेक्षा वापरणारे अधिक. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी, स्थापना १९५८), नागपूर विद्यापीठ (१९२३) आणि लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (१९४२) यांच्यामुळे सांडपाणी आणि रसायन या विषयांवर काम करणारे लोक शहरात पुष्कळ आहेत. ओझोन, फेंटन (लोहक्षार व हायड्रोजन पेरॉक्साइड) किंवा अतिनील किरण व हायड्रोजन पेरॉक्साइड या पद्धतींत प्रदूषके तोडतो तो हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे सुटा इलेक्ट्रॉन असलेला अतिशय क्रियाशील कण. प्रारणाने पाण्यात जन्मणारा मूलकही तोच. तो कोणत्या वाटेने आला याने त्याच्या वेगस्थिरांकात फरक पडत नाही, म्हणून गॅमा स्रोत कधी न पाहिलेल्या अभियंत्यालाही वेगस्थिरांकांचा तक्ता लागतो. मूळ मापनाला मात्र स्पंद प्रारणविघटन लागते. त्यात नॅनोसेकंदांचा इलेक्ट्रॉन-झोत सोडून पुढचे बदल प्रकाशशोषणावरून टिपतात. भाभा अणुसंशोधन केंद्राचे यासाठीचे ७ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) यंत्र मुंबईतल्या तुर्भ्याला आहे.

अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठाच्या प्रारण प्रयोगशाळेत १९६५ च्या सुमारास संकलन-मूल्यांकनाच्या कामासाठी विदा केंद्र उभे राहिले. बक्स्टन, ग्रीनस्टॉक, हेलमन आणि रॉस यांचे १९८८ चे समीक्षित संकलन आजही पहिला आधार मानले जाते. त्यात जलयोजित (पाण्याच्या रेणूंनी वेढलेला) इलेक्ट्रॉन, हायड्रोजन अणू आणि हायड्रॉक्सिल मूलक यांच्या साडेतीन हजारांहून अधिक अभिक्रिया आहेत. पुढे हा संग्रह निस्ट या अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेबरोबर संगणकीय स्वरूपात आला.

उदासीन पाण्यात गॅमा किरणांनी हायड्रॉक्सिल मूलकाचे जी-मूल्य सुमारे २.७ आणि जलयोजित इलेक्ट्रॉनचे २.६ ते २.७ असते. हायड्रोजन अणूचे ०.६ आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचे ०.७. म्हणजे १ किलोग्रे मात्रेला (१ ग्रे म्हणजे किलोमागे शोषलेली १ ज्यूल ऊर्जा) किलोभर पाण्यात हायड्रॉक्सिल मूलक सुमारे ०.२८ मिलिमोल बनतो. तो कुठे खर्च होतो हे वेगस्थिरांक सांगतो. फिनॉलशी तो ६.६ अब्ज (एकक: लिटर प्रति मोल प्रति सेकंद), बायकार्बोनेटशी अवघा ८५ लाख, कार्बोनेटशी ३९ कोटी. ८५ लाख हा आकडा क्षुल्लक वाटतो आणि गणित तिथेच फसते. शहराच्या पश्चिमेकडच्या बेसाल्टमधील विहिरींचे पाणी जड असते. समजा, त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट आहे, सामू ८ आहे आणि फिनॉल लिटरला जेमतेम १ मिलिग्रॅम. फिनॉलचा ओढा, म्हणजे वेगस्थिरांक गुणिले लिटरमधील मोल, सेकंदाला सुमारे ७०,००० भरतो. बायकार्बोनेट आणि थोडे कार्बोनेट मिळून सुमारे ५१,०००. म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक मूलक फिनॉलपर्यंत पोचतच नाहीत, आणि पाण्यातील सेंद्रिय द्रव्य यात अजून धरलेलेही नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात मिळालेली कार्यक्षमता विहिरीच्या पाण्यात का मिळत नाही, त्याचे बरेचसे कारण एवढेच.

मूल्यांकन करताना प्रत्येक आकड्याबरोबर तापमान, सामू, आयनिक तीव्रता, संपृक्त केलेला वायू, मापनाची पद्धत, निरीक्षणाची तरंगलांबी आणि संदर्भ अभिक्रिया नोंदवतात. संदर्भ अभिक्रिया, म्हणजे जिचा वेगस्थिरांक माहीत धरला आहे ती, सर्वांत महत्त्वाची, कारण बरेच वेगस्थिरांक थेट मोजलेले नसतात, स्पर्धा पद्धतीने काढलेले असतात. थायोसायनेट आणि तपासायचा पदार्थ एकाच द्रावणात ठेवतात, थायोसायनेटपासून बनणाऱ्या मूलकाचे ४७५ नॅनोमीटरजवळचे शोषण किती घटले ते पाहतात आणि त्यावरून दोन वेगस्थिरांकांचे गुणोत्तर काढतात. थायोसायनेटसाठी १९६० च्या दशकात ६.६ अब्ज हे मूल्य वापरात होते. आता ११ अब्ज मानतात. त्या काळच्या निबंधातला स्पर्धेचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलला तर तो दीडपटीहून जास्त कमी येतो. गुणोत्तर मात्र बहुधा चांगले असते. म्हणून गुणोत्तर जपायचे आणि नव्या संदर्भाने गुणायचे.

दुसरा सापळा स्वतःशीच होणाऱ्या अभिक्रियांचा. दोन हायड्रॉक्सिल मूलक एकत्र येण्याचा वेगस्थिरांक ५.५ अब्ज, पण एका अभिक्रियेत दोन मूलक संपतात म्हणून काही लेखक त्याची दुप्पट, ११ अब्ज, छापतात. दोन्ही बरोबर आहेत. कोणती व्याख्या घेतली ते लिहिलेले नसले तर मात्र नोंद निरुपयोगी. वायुरसायनातून आलेली मूल्ये घनसेंटिमीटर प्रति रेणूमध्ये असतात. ती अ‍ॅव्होगाड्रो संख्येच्या हजाराव्या भागाने गुणून घ्यावी लागतात. आणखी एक चूक दिसायला निरुपद्रवी असते: एकच मापन तीन निबंधांत उद्धृत झालेले असते आणि संकलक ते तीन स्वतंत्र मापने म्हणून सरासरीत घेतो. एकमत झाल्याचा भास होतो, पण मापन एकच.

जी-मूल्यांत चूक शिरते ती मात्रामापनातून. फेरस लोहाचे किती फेरिक झाले त्यावरून मात्रा सांगणाऱ्या फ्रिके मात्रामापकात १ मिलिमोलर फेरस अमोनियम सल्फेट, १ मिलिमोलर सोडियम क्लोराइड आणि ०.४ मोलर सल्फ्युरिक आम्ल हवेने संपृक्त असते. ४० ते ४०० ग्रे ही त्याची मर्यादा. वरच्या टोकाला प्राणवायू संपतो आणि फेरिकचे जी-मूल्य १५.६ वरून ८.२ कडे घसरते. १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (नमुन्याच्या पारदर्शक कुपीत) ३०४ नॅनोमीटरला शोषणातील वाढ गुणिले २७८ म्हणजे ग्रेमधील मात्रा, पण हे २५ अंश सेल्सिअसला. वाचनाचे तापमान अंशाने वाढले की शोषण ०.६९ टक्का वाढते, आणि मात्रा देतानाच्या तापमानामुळे दर अंशाला आणखी ०.१५ टक्का. मे महिन्यात नागपूरच्या प्रयोगशाळेत वातानुकूलन बंद पडून खोली ३५ अंशांवर गेली, तर दुरुस्तीविना मात्रा सुमारे साडेआठ टक्के जास्त निघते आणि जी-मूल्य तितकेच खाली येते. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे. वर्षापूर्वीचा मात्रादर तसाच वापरला तर आणखी सुमारे १४ टक्क्यांची भर. स्पर्धा पद्धतीत मात्रा भागाकारात उडून जाते, त्यामुळे ते वेगस्थिरांक या चुकीतून बहुतांशी सुटतात.

देवाणघेवाणीसाठी साधी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) धारिका पुरते. पदार्थ सीएएस नोंदणी क्रमांकाने (प्रत्येक रसायनाला दिलेल्या स्वतंत्र क्रमांकाने) ओळखावा, कारण व्यापारी आणि शास्त्रीय नावे एकाच पदार्थाच्या दोन ओळी करून ठेवतात. मूळ छापील मूल्य, पुन्हा काढलेले मूल्य आणि शिफारस यांचे रकाने वेगळे हवेत, मूळ कधीही पुसू नये. नाकारलेले मूल्यही कारणासह यादीत राहू द्यावे. ते काढून टाकले की दोन वर्षांनी कोणीतरी तेच जुने निबंधातून शोधून ‘सुटलेली नोंद’ म्हणून परत घालतो.