ताऱ्याची लुकलुक काढून टाकणारा आरसा

मे महिन्यात कोथरूडच्या गच्चीवर दुर्बीण लावली की तारा ठिपका म्हणून दिसतच नाही, आधणातल्या साबुदाण्यासारखा वळवळतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत धग सोडत असतो. शेजारचे काका म्हणतात, "मोठी दुर्बीण घे की!" पण दुर्बीण ८ मीटरची असली, तरी हवेमुळे तिला दहा-वीस सेंटिमीटरच्या दुर्बिणीइतकंच बारीक दिसतं. प्रकाश मात्र भरपूर गोळा होतो.

ताऱ्याच्या प्रकाशाची लाट शेकडो वर्षं सपाट येते आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये चुरगळते. ती इस्त्री करून घ्यायची कल्पना, म्हणजेच 'अडॅप्टिव्ह ऑप्टिक्स' किंवा एओ, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये मांडली. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे चुरगळ मोजायची पद्धत. इवल्या भिंगांची एक जाळी असते आणि प्रत्येक भिंग ताऱ्याचा एकेक ठिपका पाडतं. लाट सपाट असेल तर ठिपके रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ओळीत पडतात. लाट जिथे कलली, तिथला ठिपका सरकतो. सरकण्यावरून उतार कळतो, उतार जोडत गेलं की लाटेचा आकार. मग पातळ आरशाच्या पाठीमागचे दट्टे तो आकार उलटा वठवतात, तोही निम्म्याच उंचीचा: लाट अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मागे पडली असेल तर आरसा पाव मायक्रॉनच पुढे ढकलायचा, कारण प्रकाश जाता-येता दोनदा वाट वाचवतो. शिवाय मोजणी आरशानंतर होते, म्हणजे संगणकाला दिसते ती फक्त उरलेली चूक. चिलीतल्या 'स्फिअर' उपकरणात ४१ गुणिले ४१ दट्ट्यांची जाळी हे सगळं सेकंदाला हजाराहून जास्त वेळा करते.

एवढं झालं की ताऱ्याचा झगमगाट झाकायचा आणि शेजारी ग्रह शोधायचा. सुमारे १३० प्रकाशवर्षांवरच्या एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे तीन ग्रह २००८ मध्ये असेच टिपले गेले, चौथा २०१० मध्ये. (या चौघांना पत्रिकेतल्या कुठल्या घरात बसवायचं, ते ज्योतिषांनी ठरवावं.) हे सगळे ग्रह तरुण, तापलेले, अवरक्त प्रकाशात उजळणारे राक्षस आहेत. आपली पृथ्वी सूर्यापेक्षा सुमारे १००० कोटी पट मंद, तिच्यासारखीचा फोटो अजून कुणी काढलेला नाही. वाहिन्यांवर 'दुसरी पृथ्वी' म्हणून दाखवतात ते निळे समुद्र चित्रकाराचे.

गणेशखिंडीतल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने अमेरिकेतल्या कॅल्टेकबरोबर 'रोबो-एओ' ही अशीच इस्त्री आपोआप करणारी प्रणाली घडवली. केप्लर या अवकाश दुर्बिणीला ज्यांच्याभोवती ग्रह असावेत असं वाटलं, अशा हजारो ताऱ्यांजवळ दुसरा तारा तर लपलेला नाही ना, हे कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेवरून तिनेच तपासलं.