पॉलिप केवढा, यापेक्षा किती खोल?

मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवलेली गाठ, सापडला की घरचे विचारतात, "केवढा आहे?" डॉक्टर मात्र तो किती खोल गेलाय हे शोधत असतात. पोटाचं ऑपरेशन लागणार की कोलोनोस्कोपीतच (गुदद्वारातून आत घातलेल्या दुर्बिणीने) काम भागणार, हे बरंचसं त्यावर ठरतं.

आतड्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटर जाड. सर्वांत आत अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्यांचा (लसिका म्हणजे लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांचा) सैल थर, त्याबाहेर स्नायू. पॉलिप सहसा अस्तरातून उगवतो. सगळेच बिघडत नाहीत, पण ॲडेनोमा प्रकारच्या काहींमध्ये एकामागून एक जनुकं बिघडत जातात आणि साधारण दहा वर्षांत कॅन्सर होऊ शकतो. या पेशी अस्तरातच आहेत तोवर त्या पसरण्याची भीती जवळजवळ नसते. खालच्या थरात शिरल्या की लसिकावाहिन्यांतून बाहेर पडायची वाट त्यांना मिळते.

गुदद्वारापासून दूर, आतड्यात वरच्या बाजूला असलेला पॉलिप काढायला पूर्वी पोट उघडावं लागे. १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ यांनी कोलोनोस्कोपमधून तारेचा फास घालून पॉलिप कापायला सुरुवात केली. माझ्या मते कॅन्सर होण्याआधीच त्याला अडवण्याचे इतके चांगले उपाय वैद्यकात मोजकेच आहेत.

देठाचा पॉलिप फासात सहज येतो. पसरट असेल तर त्याच्याखाली सुईने सलाइन सोडतात, त्यात बहुधा निळा रंग मिसळलेला असतो. अस्तर फोडासारखं वर येतं, स्नायू खाली सुरक्षित राहतो आणि मधल्या निळ्या थरातून कापता येतं. मधला भाग वर उचललाच नाही, तर डॉक्टर सावध होतात: एक तर गाठ खाली रुतली आहे, नाहीतर आधीच्या बायॉप्सीचा व्रण तिथे चिकटला आहे. म्हणूनच, पुढे काढायच्याच पसरट पॉलिपचे उगाच तुकडे घेऊ नयेत, असं जाणकार सांगतात.

मोठी गाठ बारीक सुरीने अखंड सोलून काढायचं तंत्र जपानमध्ये विकसित झालं. काढलेला तुकडा टाचण्यांनी ताणून सपाट बसवतात आणि तसाच तपासणीला पाठवतात. त्यात कॅन्सर निघाला, तर तो खालच्या थरात किती उतरलाय हे पॅथॉलॉजिस्ट मोजतात. एक मिलिमीटरपेक्षा कमी, कडा स्वच्छ, वाहिन्यांत पेशी नाहीत आणि पेशींचं रूपही फार आक्रमक नाही, असं असेल तर उपचार बहुतेक वेळा तिथेच संपतो. नाहीतर ऑपरेशनचा सल्ला मिळतो. "गाठ तर निघाली, मग आता ऑपरेशन कशाला?" हा रुग्णाचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण लसिकावाहिन्या ज्यांत जातात त्या लसिकाग्रंथी भिंतीच्या बाहेर असतात, कोलोनोस्कोपला त्या दिसत नाहीत. खालच्या थरापर्यंतच पोचलेल्या कॅन्सरमध्येही साधारण दहातल्या एका रुग्णाच्या ग्रंथींत पेशी सापडतात.

म्हणून सर्जन नुसती गाठ काढत नाहीत. आतड्याचा तेवढा भाग, त्याला रक्त देणारी वाहिनी आणि तिच्याभोवतीच्या ग्रंथी एकत्र काढून उरलेली टोकं जोडतात. किमान १२ ग्रंथी तपासल्या जाव्यात, असा संकेत आहे. हे ऑपरेशन बहुधा पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने होतं.

गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, मात्र जागा फार अरुंद. लघवीवर आणि लैंगिक क्रियेवर ताबा ठेवणाऱ्या नसा अगदी लगत असतात. गुदाशयाभोवतीचं चरबीचं वेष्टण न फाडता अखंड काढायचं, हा आग्रह ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडला. त्यानंतर त्याच जागी पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण खूप घटलं. जोड भरून येईपर्यंत अनेकांना मल जमा होण्यासाठी पोटावर तात्पुरती पिशवी लागते. गाठ गुदद्वाराच्या स्नायूंपर्यंत गेली असेल तर पिशवी कायमचीही असू शकते.

गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन आणि केमोथेरपीने काहींची गाठ पूर्ण विरघळते. अशांना लगेच ऑपरेशन न करता बारकाईने तपासत राहण्याची पद्धत ब्राझीलच्या अँजेलिता हाबर-गामा यांनी पुढे आणली. गाठ परत आलीच तर ती बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, म्हणून त्या काळात दर काही महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि एमआरआय करतात. वेळेत दिसली, तर बहुतेकांचं ऑपरेशन तेव्हाही करता येतं.