गेली तर उद्या बघायचं काय?

सांगलीत आमच्या मावशीकडं संध्याकाळी सातनंतर गेलात तर चहा मिळतो, पण तुमच्या तोंडाकडं बघून कुणी बोलत नाही. मावशी परातीत मेथी घेऊन निवडत बसते आणि नजर टीव्हीवर. परवा सून शपथ मोडून घरच्यांना खरं काय ते सांगणार, इतक्यात सासू छातीला हात लावून सोफ्यावर कोसळली. ढणढण वाजलं, घरातल्या प्रत्येकाचा चेहरा तीन-तीनदा जवळून दाखवला आणि भाग संपला. मी म्हटलं, "मावशी, ही बाई सरळ बॅग भरून निघून का जात नाही?"

मावशीनं एक काडी बाजूला टाकली. "गेली तर उद्या बघायचं काय?"

अर्धं उत्तर तिनं तिथंच दिलं. उरलेल्या अर्ध्यासाठी बरंच मागं जावं लागतं, आणि सुरुवात आमच्याच गावापासून करावी लागते.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते विष्णुदास भाव्यांमुळं. चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं त्यांनी १८४३ मध्ये इथं 'सीता स्वयंवर' उभं केलं. त्यात सीतासुद्धा पुरुषच. पुढं कितीतरी दशकं मराठी रंगमंचावरची बाई ही बहुतेक पुरुषानं लिहिलेली आणि पुरुषानंच लुगडं नेसून उभी केलेली बाई होती. घरंदाज बाई कशी दिसते, कशी सोसते, कुठल्या सुरात रडते, हे बायकांनी पुरुषांकडून बघितलं.

गावापासून तीन-चार किलोमीटरवर, कृष्णा-वारणेच्या संगमाला हरिपूर आहे. गोविंद बल्लाळ देवल तिथले. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ मध्ये रंगमंचावर आलं. पैशाला हपापलेला बाप पोरीला पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघतो, ही त्याची गोष्ट. आमच्याकडं अजून अनेकांना वाटतं, की १९२९ चा बालविवाहाविरुद्धचा 'शारदा कायदा' या नाटकावरून आला. त्याचं नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलंय, पण गैरसमज गोड आहे, मी सहसा दुरुस्त करत नाही. बोचतं ते वेगळंच. नाटकात लग्न मोडतं ते वधू-वर सगोत्र निघतात म्हणून. पोरगी नको म्हणतेय, त्यानं कुणाचं काही हलत नाही. हललं ते शास्त्रानं. तरीही सगळं थिएटर पोरीच्या बाजूचं व्हावं असं देवलांनी लिहिलं, आणि तसं ते झालं.

वीस वर्षांनी, १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तली सिंधू आली. नवरा दारूत बुडालेला आणि ही त्याच्याबद्दल वाकडा शब्द ऐकून घ्यायला तयार नाही. फाटक्या लुगड्यातली ती सिंधू बालगंधर्वांनी केली. त्यांचं मूळ गाव पलूस तालुक्यातलं नागठाणे. नाटक दारूविरुद्ध होतं, पण लोकांनी घरी नेली ती सिंधू. जितकी जास्त सोसेल तितकी बाई मोठी, हे मोजमाप नाटकापेक्षा जुनं आहे, पुराणातल्या पतिव्रतांइतकं. गडकऱ्यांनी त्याला मध्यमवर्गीय घर दिलं, चूल दिली, जातं दिलं. आजच्या मालिकेतल्या सुनेची खापरपणजी शोधायची तर मी सिंधूकडं बोट दाखवीन.

दुसरी वाटही होती. साताऱ्याच्या कोरेगावात राहून लिहिणारे ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर 'प्रभात'नं १९३७ मध्ये 'कुंकू' हा सिनेमा काढला. म्हाताऱ्याशी फसवून लावलेलं लग्न त्यातली नायिका नीरा मानतच नाही. शास्त्रबिस्त्र मध्ये न आणता, स्वतःच्या तोंडानं नाही म्हणते. शारदेपासून नीरेपर्यंत अडतीस वर्षं लागली, पण एवढं अंतर कापलं गेलं.

इथं एक साधी गोष्ट विसरली जाते. नाटकाला शेवटचा अंक असतो, सिनेमाला शेवटचं रीळ. नीरा नाही म्हणाली आणि गोष्ट संपली, तरी निर्मात्याचं काही बिघडलं नाही. रोजच्या मालिकेची पंचाईत अशी, की तिला संपायचंच नसतं.

भारतातली पहिली लांबलचक कौटुंबिक मालिका खरं तर उलट्या हेतूनं सुरू झाली होती. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांमधून साक्षरता आणि कुटुंबनियोजनाचा प्रचार केला होता. माहिती व प्रसारण खातं सांभाळलेले वसंत साठे यांनी ती कल्पना उचलली आणि जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर 'हम लोग' आली. लेखक मनोहर श्याम जोशी. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन दोन शब्द सांगायचे. त्यातली आई भगवंती सगळ्यांचं ऐकणारी, स्वतःसाठी काहीच न मागणारी. असं राहू नये हे दाखवायला ती लिहिली होती. पुढं अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा कितीतरी बायकांना भगवंतीच आदर्श वाटत होती. सिंधूचंही हेच झालं होतं. दाखवायचं एक आणि घरी जायचं दुसरंच, हा धडा पुढच्या निर्मात्यांनी नीट गिरवला. फक्त मधला प्रचार काढून टाकला.

मधली पंधरा वर्षं तशी बरी गेली. प्रिया तेंडुलकरांची 'रजनी' गॅसवाल्यापासून सरकारी बाबूपर्यंत सगळ्यांना जाब विचारायची. 'उडान'मधली पोरगी पोलीस अधिकारी झाली. मराठीत १९९७ मध्ये 'दामिनी' आली, तीही रोजची, आणि तिची नायिका पत्रकार. १९९९ मध्ये अल्फा मराठीवरच्या 'आभाळमाया'त नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणापुढं ताठ उभी राहणारी सुधा होती. म्हणजे रोजची मालिका आली की बाई रडकीच होते, असा काही नियम नव्हता.

मग ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली, त्याच रात्री 'कौन बनेगा करोडपती'ही. आठ वर्षं, अठराशेवर भाग. नायिकेचा नवरा मिहिर मेला, प्रेक्षक खवळले, मिहिर जिवंत झाला. मराठीत ईटीव्हीवरची 'चार दिवस सासूचे' २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग. एवढे भाग भरायचे कशानं? घराबाहेर बाई काम करायला लागली, की नवीन जागा, नवीन माणसं, नवीन सेट लागतात. घरात सासू, सून, जाऊ, नणंद, एक देवघर आणि एक जिना असला की भागतं.

त्यात सगळ्यात स्वस्त इंधन म्हणजे न बोललेली गोष्ट. सुनेला सत्य कळलंय, पण 'घरच्यांना त्रास नको' म्हणून ती गप्प बसते. एक वाक्य बोलली तर चाळीस भाग वाचतील. चॅनेलला ते वाचायला नकोत. म्हणून कुणीतरी मेलेल्या तोंडाची शपथ घालतं, कुणाचं तरी बीपी वाढतं, कुणीतरी घराण्याच्या अब्रूचा विषय काढतं. बाईनं गप्प बसणं ही लेखकाची तांत्रिक गरज असते आणि पडद्यावर ती संस्कार म्हणून येते. आवाज चढवणारी, नोकरीला जाणारी, केस मोकळे सोडणारी ती खलनायिका. नवरा बहुतेक वेळा नुसता उभा असतो, त्याला कुणी काही विचारत नाही. या सगळ्या कारभारात मला सर्वात जास्त राग त्याचा येतो.

दर गुरुवारी टीआरपी येतो. आकडा पडला की ट्रॅक बदलतो, आणि बहुधा सुनेचे हाल वाढतात. २०१५ पर्यंत हे आकडे शहरी घरांतून यायचे. त्या वर्षी बार्क ही नवी मोजणी सुरू झाली आणि खेड्यातली घरंही त्यात आली. लगेच पुढच्या वर्षी कोल्हापूरकडची 'तुझ्यात जीव रंगला' आणि २०१७ मध्ये साताऱ्याकडची 'लागिरं झालं जी' यावी, हा मला नुसता योगायोग वाटत नाही. सातारा तर शूटिंगचं ठिकाणच झालं. मीही एकदा बघायला गेलो होतो. जुना वाडा, अंगणात प्लायवूडचं तुळशीवृंदावन, आणि एक थप्पड तीन बाजूंनी तीनदा. वाड्याची मालकीण चहाचा ट्रे धरून खांबाआड उभी होती. "आमच्यात असं कुणी कुणाला मारत न्हाई बघा," मला म्हणाली, आणि लगेच विचारलं, "ह्यो भाग कधी लागणार?"

'मुलगी झाली हो' या नावाचा प्रवास बघण्यासारखा आहे. १९८३ मध्ये स्त्रीमुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं या नावाचं नाटक केलं. गावोगाव, चौकात, देवळापुढं बायका मोठ्यानं गात हसवत प्रश्न विचारायच्या. त्याच दशकात आमच्या जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकारी परित्यक्तांना रेशनकार्ड आणि जमिनीत वाटा मिळावा म्हणून मोर्चे काढत होत्या. घरातून हाकललेली बाई तेव्हा तहसील कचेरीपुढं बसून बोलत होती. २०२० मध्ये त्याच नावाची मालिका आली, शूटिंग वाई तालुक्यात. तिच्यातल्या नकोशा मुलीला वाचाच नाही.

मधल्या काळात कायदाही झाला. ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेल्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ वेगळा नोंदवलाय: अपमान, टोमणे, नावं ठेवणं, मूल किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं. ही यादी एकदा मावशीला वाचून दाखवली. तिनं मान हलवली, म्हणाली, "हे तर रोजचंच आहे." मालिकेतलं की घरातलं, ते विचारायचं मला सुचलं नाही, आणि नंतर धीर झाला नाही.

त्या कोसळलेल्या सासूला दुसऱ्या दिवशी काहीच झालेलं नव्हतं. ॲसिडिटी. सून पायाशी बसून तळवे चोळत होती, आणि खरं सांगायचं ते तिनं सणापर्यंत पुढं ढकललं होतं.